फॉना नावाची देवी

समस्त सज्जनांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, दिवाळीतल्या वाघबारशीला रानाचा देव वाघोबा याच्यापुढे नारळ फुटला की मला रोमन लोक आठवतात. अशाच एका बारशीला मी भंडारदऱ्याजवळच्या वाडीत रानातल्या प्राण्यांची नोंद करायला गेलो होतो, पण गुरे राखणारी म्हातारी एकही नाव सांगेना. "वाघोबाला न इचारता त्याची जनावरं कागदावर मांडली, तर माझी वासरं ऱ्हातील का?" मी वहीच्या मथळ्यावर बोट ठेवले. "आजी, मुलखातल्या साऱ्या प्राण्यांना शास्त्रात म्हणतात फॉना. हा शब्द आला रोमन लोकांच्या रानदेवीच्या नावावरून!" म्हातारीने लगबगीने वहीला कुंकू लावले आणि ओरडली, "आरं, ही तर वाघोबाची बहीणच की! लिही पटापट, पयलं साळिंदर!"