सरकलेल्या छापाची साडी

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझा धाकटा भाऊ पुढचं इंजिनीअरिंग शिकायला जर्मनीला गेला. मी सुरतेतच होतो. वडील गेले तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. घरातल्या दोघांपैकी एकालाच शिकता येणार होतं, म्हणून मी कापडाच्या लूमवर कामाला उभा राहिलो. मार्क माझे जास्त होते. घरात हे कोणी बोलत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

लूम सोडून पुढे दलाली केली, आणि लोकांशी भांडून भांडून रिंग रोडच्या मार्केटात साड्यांचं दुकान उभं केलं. भाऊ घासाघीस न करता शिकत गेला.

त्याची पत्रं सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्याच्या घरी येत. आईला वाचता येत नव्हतं, तेव्हा वाचायचं काम माझं. सोमवार ते शुक्रवार प्रयोगशाळा, स्वतःचे मोजे स्वतः धुणं, एका पातेल्यात केलेली खिचडी दोन दिवस खाणं. इथपर्यंत मी मोठ्याने, सावकाश वाचायचो. मग शनिवार यायचा. शनिवारी साहेब कुठल्या तरी किल्ल्यावर, रविवारी कुठल्या तरी तळ्यावर. वर विद्यार्थी म्हणून बसचं भाडं निम्मं! मी आयुष्यात कुणाला तोंड वाजवल्याशिवाय निम्म्यावर आणलेलं नाही, आणि याला मागितल्याशिवाय मिळत होतं. माझे रविवार छपाईच्या मिलवाल्याच्या दारात जायचे. डुमसचा समुद्र एवढा जवळ, पण मी तिथे भजी खायला गेलो असेन ते दोनदा.

त्यामुळे शनिवार-रविवारच्या ओळी मी गाळायचो. "अभ्यास चालू आहे, तब्येत बरी आहे," असं म्हणून पत्राची घडी घालायचो.

पण फोटो कसे गाळणार? आई पदराने पुसून ते साऱ्या गल्लीला दाखवायची. "मना धाकला," आपल्या अहिराणीत म्हणायची. माझं दुकान बघायला तिने गल्लीतलं एक माणूस कधी आणलं नाही.

एकदा त्याने लिहिलं, "दादा, माझ्या घरमालकीणबाई फार चांगल्या आहेत. त्यांच्या गाडीतून आम्हाला फिरायला नेतात. तुझ्या दुकानातली एक साडी पाठव. माझा भाऊ काय माल विकतो ते त्यांना कळू दे."

मी दुकानात गेलो आणि सेकंडच्या ढिगात हात घातला. सेकंड म्हणजे खोट निघालेला माल. गुलाबी फुलांची एक साडी होती. रंग एकीकडे, फुलाची रेघ अर्धं बोट दुसरीकडे. खोट आत जाईल अशी घडी घातली, भारी साडीच्या खोक्यात ठेवली आणि पार्सल शिवणाऱ्याशी भांडून त्यालाही कमी पैशात शिवायला लावलं. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

दोन-तीन महिन्यांनी पत्र आलं, सोबत फोटो. निळं तळं, मागे डोंगर, हिरवळीवर भाऊ, त्याचे दोन मित्र आणि पांढऱ्या केसांच्या बाई. त्यांच्याखाली माझी साडी. चांगली लांबच्या लांब अंथरलेली, वर पाव आणि फळं.

त्या पत्रातल्या सहलीच्या ओळी मी पहिल्यांदाच मोठ्याने वाचल्या. माझा माल जर्मनीत गेला होता. "बाईंना नेसता येत नाही, म्हणून ती गाडीतच असते. दर शनिवारी आमच्याबरोबर येते. फुलांची सावली त्यांना फार आवडली."

"देख," मी आईला म्हणालो, "आता हा दाखव गल्लीला. तुझ्या थोरल्याचा कपडा कुठे पोचला!"

आईने फोटो दारातल्या उजेडात धरला. तिने पंधरा वर्षं घरी बसून साड्यांचे धागे कापले होते.

"सावली नही ही," ती म्हणाली. "छाप सरकेल शे. तू भाऊले सेकंड धाडी?"

"घाईत गेली असेल."

"तू? घाईत?"

तो फोटो तिने गव्हाच्या डब्याखाली सरकवला. गल्लीत फिरला नाही असा तो पहिला फोटो.

मी भडकलो. लूमवर उभा राहिलो ते कुणाला दिसत नाही, एक साडी दिसते, असं बरंच बोललो. ती तांदूळ निवडत राहिली. दुसऱ्या दिवशी मी दुकानातली सगळ्यात भारी साडी काढली. रेशमी काठ, एक धागा इकडचा तिकडे नाही. रस्त्यावरच्या उन्हात पूर्ण उलगडून तपासली आणि पाठवली. या वेळी पार्सल शिवणाऱ्याने मागितले तेवढे दिले. तोच घाबरला.

मग मी पोस्टमनची वाट बघू लागलो. आधी कधी बघितली नव्हती.

पत्र आलं. फोटोत दुसरं तळं, तेच चौघं आणि खाली तीच गुलाबी साडी.

आईने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अगं, चांगली पाठवली होती! शपथ!"

"मंग कोठे शे ती?"

मी घाईघाईने पत्र उघडून वाचलं, "दादा, नवी साडी इतकी सुंदर आहे की बाईंनी ती कपाटात जपून ठेवली आहे. गवतावर अंथरायला मन होत नाही म्हणतात."

एकही शब्द माझा नव्हता. बोट ओळीवर ठेवून मी पत्र तिच्यापुढे धरलं.

आई हसली. "वाच, वाच," ती म्हणाली. "तुलेच वाचता येस ना."

आणि तो फोटोही डब्याखाली गेला.