बेटावर जायचं नाही, एवढंच काम

उन्हाळ्यात बदलापूरला नदीचं पाणी उतरलं की मधोमध गोट्यांचा एक उंचवटा उघडा पडतो. आम्ही त्याला बेटच म्हणतो. तिथे सुरय अंडी घालतात. काळ्या टोपीची, पिवळ्या चोचीची पाखरं, समुद्रावरच्या पाखरांचे भाऊबंदच. घरटं वगैरे काही नाही. गोट्यांतच अंडं, तेही गोट्याच्या रंगाचं. पिल्लं उडेपर्यंत ते बेट आणि भोवतीचं पाणी राखीव ठेवा, असं मी दोन वर्षं सांगून दमले. यंदा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना ते पटलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

रविवारी भावाबरोबर नदीवर गेले, तर हे गृहस्थ तीसेक माणसं घेऊन हजर. टोप्या, हातमोजे, खराटे, पाहुण्यांसाठी एक खुर्चीसुद्धा. म्हणे बेटावर स्वच्छता मोहीम.

"अहो, तिथे जायचं नाही, एवढंच काम आहे," मी म्हटलं.

"काकू, न जाता वाचवायचं कसं? आणि फोटो कशाचा काढणार?" असं म्हणत पँट दुमडून उतरलेसुद्धा. मागोमाग चौघे.

पाखरं उठली आणि ओरडत त्यांच्या डोक्यावर झेपावू लागली.

"फार चिडकी आहेत हो," तिकडून सेक्रेटरी.

"बाळंतिणीच्या खोलीत लोक खराटे घेऊन शिरले तर ती काय चहा विचारेल?"

माझा भाऊ नदीकाठचा शेतकरी. तो गुडघाभर पाण्यातून धावला. "साहेब, पाय खाली टेकू नका." सेक्रेटरींचा एक पाय हवेत, आणि त्याखाली वीतभरावर दोन अंडी. बगळ्यासारखे उभे राहिले बिचारे. भावानं हात धरून एकेक पाऊल दाखवत सगळ्यांना परत आणलं.

पण ऊन चढलं होतं आणि अंडी उघडी. तापल्या गोट्यांवर अंड्याचं काय होतं, ते स्वयंपाक करणारीला कुणी सांगायला नको. सगळ्यांना लांब सावलीत नेऊन बसवलं, गप्प. बऱ्याच वेळानं एक सुरय खाली आली, नदीत पोट बुडवलं आणि तशीच ओली अंड्यांवर जाऊन बसली.

"आता एक मोठा बोर्ड लावू," सेक्रेटरी हळूच म्हणाले. "बेटाच्या मधोमध."

मी कपाळाला हात लावला. "काठावर लावा हो, काठावर. आणि इथे ढीगभर कचरा पडलाय, खराटे आणलेच आहेत तर तो काढा."

पाहुण्यांसाठी आणलेली खुर्ची मात्र मी काठावर ओढून घेतली. हल्ली रोज सकाळी तिथे बसते, बोर्ड अजून यायचाय.