केबिनमधला उजेड

बायको गेल्यानंतर आठ महिन्यांनी मी तिच्या पिकअपच्या केबिनमध्ये दिवा बसवला. मला त्या दिव्याची गरज नव्हती. रोजचा रस्ता पाठ होता आणि केबिनमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं. गरज माझ्या सासऱ्यांना होती. त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघून ते बोलणं समजून घेतात, आणि आमची गाडी निघायची पहाटे पावणेपाचला.

मी मूळचा साताऱ्याचा. गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून चेन्नईला आलो आणि इथल्याच एका मराठी घरात लग्न केलं. ते घर पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं, नंतर इथे चेन्नईत, मैलापूरला आलेलं. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. आमच्याकडेही हाच शब्द आणि तमिळमध्येही हाच, त्यामुळे लग्नानंतर निदान हे एक नव्याने शिकावं लागलं नाही. मामा बँकेत होते. निवृत्त झाल्यावर त्यांचे कान हळूहळू गेले. यंत्र घेतलं होतं, पण ते कानात शिट्टी मारतं म्हणून त्यांनी ते डबीत घालून कपाटात ठेवलं. सासूबाई आमच्या लग्नाआधीच वारल्या होत्या. आम्ही दोघं त्यांच्याच घरात राहत होतो.

बायकोचा नाश्ता पुरवायचा धंदा होता. मैलापूरलाच तळमजल्यावर भाड्याचं स्वयंपाकघर, कामाला दोन बायका, आणि तिरुवल्लिकेणीतल्या दोन मॅन्शनांना रोज सकाळी इडली, पोंगल आणि सांबार. मॅन्शन म्हणजे एकट्या नोकरदार पुरुषांनी भाड्याने घेतलेल्या खोल्यांची इमारत. नाव मोठं, खोलीत खाट आणि खिडकी. या कामासाठी तिने एका भाजीवाल्याची जुनी डिझेल पिकअप घेतली होती आणि ती स्वतःच चालवायची.

मेंदूत रक्तस्राव होऊन ती चार दिवस हॉस्पिटलात होती, आणि गेली. पंधराव्या दिवशी त्या दोघी बायका स्वयंपाकघर उघडून बसल्या. मॅन्शनवाले विचारत होते. गाडी कोण चालवणार असा प्रश्न निघाला तेव्हा मी म्हटलं, मी चालवतो. विचार करून म्हटलं नव्हतं. कंपनीची बस पावणेसातला येते, त्याआधीचा वेळ मोकळाच होता. मामा म्हणाले, मीही येतो, डबे मोजून द्यायला कोणी हवं. त्यांनाही मी नाही म्हटलं नाही.

कंपनीत लोक म्हणायचे, तुम्ही फार सावरलात. मी सावरलो नव्हतो आणि कोसळलोही नव्हतो. पानात येईल ते जेवायचो, पडलो की झोप लागायची. एकदा सांबाराच्या डब्याचं झाकण निसटलं आणि मनगटावर सांबार सांडलं. मी डबा आत नेऊन ठेवला, परत आलो, गाडी सुरू केली. दुपारी कंपनीत शेजारच्याने विचारलं, हा फोड कसला, तेव्हा मी मनगटाकडे बघितलं.

सुरुवातीला मामा गाडीत बोलायचे. कोणत्या मॅन्शनला किती इडल्या, पोंगलात मिरी जास्त झाली का, असं. मी उत्तर द्यायचो ते त्यांना अंधारात दिसायचं नाही. रस्त्यावरच्या दिव्याखालून गाडी जाताना ते पटकन माझ्या तोंडाकडे बघायचे, आणि दिवा मागे पडला की पुन्हा समोर. महिन्याभरात त्यांनी बोलणं सोडलं. मला ते सोयीचं झालं. दिवसातला तो एक तास असा होता की शेजारी माणूस असूनही कोणाशी काही बोलावं लागत नव्हतं.

सातव्या महिन्यात गाडीचा गिअर अडकायला लागला. एका पहाटे मी चालवता चालवता म्हटलं, "मामा, ही गाडी विकावी म्हणतो. धंदा त्या दोघींनाच देऊन टाकू. डबे न्यायला त्या रिक्षा लावतील."

त्यांनी मान हलवली. "सरी," म्हणाले. तमिळमध्ये सरी म्हणजे बरं.

एवढ्यावर मी गिऱ्हाईक शोधलं. शहराबाहेर रोपवाटिका चालवणारा एक माणूस रविवारी सकाळी गाडी बघायला आला. त्याने बॉनेट उघडलं, टायरला लाथ मारून बघितली, इंजिन सुरू करून कान लावला. तेवढ्यात मामा दोन पेल्यांत ताक घेऊन खाली आले. त्यांनी त्या माणसाला तमिळमध्ये विचारलं, ब्रेकचं काम निघालंय का. त्यांना तो मेकॅनिक वाटला होता. तो इंजिनात वाकलेला, तसाच काहीतरी बोलला. मामांना ते दिसलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी त्यांच्यासमोर उभा राहून म्हटलं, "हे गाडी विकत घ्यायला आलेत."

"कोणती गाडी?"

"हीच. तुम्हाला सांगितलं होतं मी."

"केव्हा?"

"मागच्या आठवड्यात. गाडीत. तुम्ही सरी म्हणालात."

त्यांनी एक पेला त्या माणसाला दिला, दुसरा मला.

"मी सगळ्याला सरी म्हणतों," ते म्हणाले. त्यांचं मराठी जुनं, तंजावरी वळणाचं आहे. 'मला' न म्हणता ते 'मज' म्हणतात. "मज कळलं नाही, असं माणसाने दिवसांत किती वेळां म्हणावं? विकायची तर विका. पण मज सांगायचं तें उजेडांत सांगा."

त्या माणसाने ताक संपवलं, फोन करतो म्हणाला आणि गेला. मला शरम वाटायला हवी होती. वाटली नाही. एक काम राहिलंय, ते करायला हवं, एवढंच कळलं.

पुढच्या शनिवारी मी पुदुपेटला गेलो. तिथे जुन्या गाड्यांचे भाग मिळतात. पिकअपच्या छताला मूळच्या दिव्याची जागा होती, पण तिच्यावर आधीच्या मालकाने देवाचं चित्र चिकटवलं होतं आणि आतली वायर कापलेली होती. तसा दिवा कुठेच मिळाला नाही. शेवटी एलईडीची हातभर पट्टी, एक बटण, फ्यूज आणि चार मीटर वायर घेऊन आलो.

रविवारी दुपारी कामाला बसलो. मामा प्लास्टिकची खुर्ची टाकून शेजारी बसले आणि मी काढलेले स्क्रू एका वाटीत ठेवत गेले. मी छताचं अस्तर उतरवलं. आत धूळ होती आणि थोडा गंज. फ्यूजच्या पेटीतून वायर काढली, समोरच्या काचेशेजारच्या खांबाच्या रबराखालून वर नेली आणि पट्टी आरशाच्या वर चिकटवली. बटण दाबलं तर दिवा लागेना. दोनदा सगळं तपासलं. मग लक्षात आलं की परतीची वायर मी रंगवलेल्या पत्र्यावर आवळली होती. गाडीचा पत्रा वीज परत नेतो, पण रंग खरवडून लोखंड उघडं करावं लागतं. कंपनीत नवीन आलेल्या माणसांना हे मी पहिल्याच दिवशी शिकवतो. अठरा वर्षं शिकवतोय. पेचकसाने रंग खरवडला, वायर आवळली, दिवा लागला.

अंधार पडल्यावर आम्ही दोघं आपापल्या जागी बसलो आणि दारं लावून घेतली.

"बोला," मामा म्हणाले.

"काय बोलू?"

"कांही बोला."

"आज रविवार आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "उजेड वरून येतो. तुमच्या नाकाची सावली तोंडावर पडते. शिवाय ती मिशी."

समोरची काचही आरशासारखी झाली होती. बाहेरचं काही न दिसता आम्हीच दोघं तिच्यात दिसत होतो. मी पट्टी उचकटली, अर्धी कापली, आणि मामांच्या बाजूच्या खांबावर, हनुवटीच्या उंचीला, माझ्याकडे तोंड करून लावली. उजेड फार टोचतो म्हणून बर्फीच्या डब्याचं पांढुरकं झाकण कापून तिच्यावर बसवलं. बटण त्यांच्या हाताशी दिलं. पण हा दिवा थेट माझ्या डोळ्यांवर येत होता, चालवताना लावता आला नसता. ते मी त्यांना सांगितलं. आता त्यांना माझं सगळं बोलणं दिसत होतं.

"सरी," ते म्हणाले. "मग मी बटण दाबलं, की तुम्ही गाडी बाजूस घ्या."

पहिले दोन दिवस त्यांनी बटण दाबलं नाही. तिसऱ्या दिवशी, दोन्ही मॅन्शनांना डबे देऊन आम्ही समुद्राच्या रस्त्याने परत येत होतो. मागे रिकामी भांडी वाजत होती. अजून उजाडलं नव्हतं. मामांनी दिवा लावला. मी गाडी फुटपाथला लावून इंजिन बंद केलं.

"मज एक विचारायचं आहे," ते म्हणाले. "हॉस्पिटलांत, दुसऱ्या दिवशी, डॉक्टर तुमच्याशी बोलल्या. मीही तिथेंच उभा होतों. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. काय म्हणाल्या त्या?"

अतिदक्षता विभागाबाहेरचा तो बोळ मला आठवत होता. डॉक्टर बोलल्या, मी काहीतरी म्हटलं, मामांनी मान हलवली.

"म्हणाल्या, ती आता उठणार नाही. मशीनमुळे श्वास चालू आहे, तेवढाच."

त्यांनी डोळे बारीक केले. "पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

त्यांनी आपल्या वरच्या ओठावर बोट ठेवलं. "मिशी," म्हणाले.

मी दोन बोटांनी मिशी वर धरली आणि तिसऱ्यांदा सांगितलं. "ती उठणार नाही, असं म्हणाल्या."

"दुसऱ्या दिवशींच."

"हो."

"आणि मी काय म्हणालों?"

"सरी म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला कळलंय."

फिरायला निघालेले दोघे-तिघे गाडीत डोकावून पुढे गेले. उजेडात बसलेले आम्ही त्यांना चांगलेच दिसत असणार.

"मज वाटलं, आज-उद्यां उठेल," मामा म्हणाले. "म्हणून मी दोन दिवस तांदळाची कंजी करून आणली. पातळ, गाळून. तुम्ही घेऊन आंत जात होतां."

"मला वाटलं, सगळं कळूनही तुम्ही आणताय. म्हणून घ्यायचो."

"आंत नेऊन काय केलीत?"

"आत नेतच नव्हतो. मागच्या जिन्यावर बसून मीच प्यायचो."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघतच विचारलं, "दोन्ही दिवस?"

"दोन्ही दिवस."

"मीठ होतं?"

"कमी होतं."

"तिला कमीच लागत होतं," ते म्हणाले.

मला वाटलं, आता त्यांना रडू येईल, किंवा मला. दोघांनाही आलं नाही. मी तोंड त्यांच्याकडे करून बसून राहिलो, आणखी काही विचारायचं असलं तर दिसावं म्हणून. थोड्या वेळाने त्यांनी दिवा बंद केला. मी गाडी सुरू केली. स्वयंपाकघराशी भांडी उतरवली आणि धावतपळत बस गाठली. बसमध्ये शेजारच्याने क्रिकेटचं काहीतरी विचारलं, त्याला मी नीट उत्तर दिलं.

त्या रविवारी मी मिशी काढली. कंपनीत दोन दिवस त्यावर बोलणं झालं, मग लोक विसरले.

रोपवाटिकेवाल्याचा फोन आला तेव्हा मी घरात, दुपारच्या उजेडात, मामांना नीट सांगितलं. ते म्हणाले, त्या दोघींनाही विचारा. विचारलं. त्यांतली धाकटी म्हणाली, रिक्षा नको, मी गाडी शिकते. मला वाटलं, बोलण्यापुरतं म्हणतेय. पण तिने खरोखर क्लास लावला, परवाना काढला, आणि पोंगलचा सण झाल्यावर गाडी तिच्याकडे गेली, उभी मात्र आमच्याच दारात असते. गिअरचं काम तेवढं मी करून दिलं.

मामा अजून तिच्या शेजारी बसून जातात. ती बोलकी आहे. तिच्या घरच्या सगळ्या गोष्टी मामांना माहीत झाल्यात, आणि संध्याकाळी जेवताना ते मला त्या सांगतात. तिच्या मुलीचं कॉलेज, तिच्या नवऱ्याचा गुडघा. मी ऐकतो. मध्ये कधी त्यांच्याकडे बघून एखादा प्रश्न विचारतो.

मला आता सहापर्यंत झोपता येतं. पण साडेचारला जाग येतेच. मामा आंघोळ करतात, सवयीने चपला हातात घेऊन जिना उतरतात. मग खाली डिझेलचं इंजिन दोनदा घरघरतं, सुरू होतं आणि लांब जातं. मी उठत नाही. पंखा चालू असतो. बस यायला अजून दोन तास असतात.