भाऊजींची उंच जीप

आमच्या भाऊजींचे पाय मी आधी पाहिले, तोंड मागाहून. लग्न होऊन बोरीला आले त्या दिवशी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बजावलं होतं की अंगणात जे मोठं माणूस दिसेल त्याच्या पाया पडायचं. पदर नाकापर्यंत ओढलेला, त्यामुळे मला माणसं दिसतच नव्हती, नुसते पाय दिसत होते. मी एकेका पायावर डोकं टेकवत गेले आणि त्या ओघात जीपखालून बाहेर आलेल्या दोन पायांवरही टेकवलं. टाचांना भेगा आणि बोटांना काळं ग्रीस. पाय झटकन आत गेले आणि खालून आवाज आला, "वहिनी, मी धाकटा हाय. मला पापात नका पाडू."

सगळं अंगण हसलं. कपाळाला ग्रीस लागलेलं होतं ते मला आत गेल्यावर आरशात दिसलं. मी परभणीची, मॅट्रिक झालेली. बोरीत अशी आले होते जशी काही हैदराबादेहून आले. जीप असलेल्या घरात पडायचं म्हणजे काळा चष्मा लावून पुढच्या सीटवर बसायचं, एवढीच माझी संसाराची कल्पना. चष्मा माहेराहून आणलासुद्धा होता. पुढच्या सीटवर मात्र कायम पान्ह्यांचं पोतं बसलेलं असायचं आणि ते हलवायची घरात कुणाची छाती नव्हती. चष्मा पुढे कांदे चिरताना कामाला आला.

जीप सासऱ्यांनी घेतलेली, कुण्या ठेकेदाराची वापरलेली. किराणा दुकानाचा माल आणायला म्हणून घेतली आणि तिचा माल वाहण्यापेक्षा दुरुस्तीतच जास्त वेळ गेला. सासरे गेल्यावर आमचे हे दुकानात बसायचे आणि भाऊजी जीपखाली. गिऱ्हाईकं सुद्धा भाऊजींच्या पायांशीच बोलायची. "आप्पा, गूळ आला का?" असं कुणी पायांना विचारलं की डावा अंगठा हलायचा, म्हणजे आला. दोन्ही पाय स्वस्थ राहिले तर दादाला विचारा. नव्या माणसाला हे ठाऊक नसायचं. तो बिचारा अंगठ्याकडे बघत उभा राहायचा.

त्यांचा एक शब्द होता, तसल्लीनं. घाईचं काम त्यांना चालायचं नाही. नट बसवायचा तर तसल्लीनं, जेवायचं तर तसल्लीनं. लग्नाचंही तेच झालं. मुली बघायला नेलं की घरी येऊन म्हणायचे, "बघू की, तसल्लीनं बघू." एकेक मुलगी दुसऱ्या घरी नांदायला गेली, त्यांची पोरं शाळेत जाऊ लागली, आणि भाऊजी बघतच राहिले. मी त्यांना चिडवायचे की तुम्हाला नवरी नको, जॅक पाहिजे. ते म्हणायचे, जॅक निदान बोलत न्हाई.

ही जी गोष्ट सांगायचीय ती मात्र आत्ताआत्ताची, आम्ही दोघंही साठीला आलो तेव्हाची. आत्याबाई तेव्हा पार वाकल्या होत्या, पण एक नेम त्यांनी सोडला नव्हता. श्रावणातल्या सोमवारी शेतात जायचं, सासऱ्यांच्या समाधीवर बेल वाहायचा. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, आपल्याच शेतात त्याला मांडी घालून बसवतात आणि माती देतात. त्यामुळे आत्याबाईंचं देवळात जाणं आणि नवऱ्याला भेटायला जाणं एकाच फेरीत व्हायचं. बैलगाडी होती तोवर त्या गाडीतून गेल्या. बैल विकले आणि घोटाळा झाला.

शेत ओढ्यापलीकडे, आणि वाट काळ्या मातीची. ट्रॅक्टरांनी दोन्ही बाजूंनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या, मधे मातीचा उंच वरंबा. जीप त्या वाटेला लागली की चाकं चाकोरीत उतरायची, पोट वरंब्यावर टेकायचं आणि चारी चाकं नुसती गरगर फिरायची. मागच्या श्रावणात भाऊजींनी आत्याबाईंना घेऊन जायचा प्रयत्न केला आणि ओढ्याच्या अलीकडेच गाडी अशी बसली. आत्याबाईंनी गाडीतूनच शेताच्या दिशेनं हात जोडले आणि परत आल्या. शेजाऱ्यांनी ट्रॉलीत बसवून न्यायचं म्हटलं तर म्हणाल्या, "मी काय उसाची मोळी हाय का?"

घरी आल्यावर भाऊजी पायऱ्यांवर बसून म्हणाले, "माय, पुढच्या श्रावणात तुला बाच्या म्होरं उतरवतो." आत्याबाई म्हणाल्या, "पुढचा श्रावण कुणी पाह्यलाय?" भाऊजींनी ते मनावर घेतलं.

उन्हाळा संपत आला तशी त्यांनी जीप अंगणातच उंच करायला घेतली. मला त्यांनी समजावलं ते असं. जीपचं ओझं कमानपाट्यांवर असतं आणि आमच्या जीपचे पाटे धुऱ्याच्या, म्हणजे चाकांच्या दांड्याच्या, खालून बांधलेले होते. तेच पाटे सोडवून धुऱ्याच्या वर बसवले की गाडी वीतभर उचलली जाते आणि पोट वरंब्याला लागत नाही. ऐकायला किती सोपं. मला वाटलं दुपारच्या चहापर्यंत होईल. मी चहा टाकलासुद्धा.

जीप लाकडी ओंडक्यांवर चढली, चाकं निघाली, आणि माझ्या तुळशीपुढचं अंगण गॅरेज झालं. माझ्या मुलानं मोबाईलवर शिकवण्याचे व्हिडिओ काढून दिले होते. ते शेंगदाण्याच्या डब्याला टेकवून भाऊजी बघायचे आणि पुन्हा खाली जायचे. गंजलेले बोल्ट डिझेल पाजल्याशिवाय हलेनात. ते पाजायचं काम माझ्याकडे होतं, तेलाच्या रिकाम्या बाटलीनं. पान्हे द्यायचं कामही माझंच. मी हमखास चुकीचा द्यायचे आणि ते तो मुकाट्यानं परत बाहेर सरकवायचे. पण बायकांत बसले की मी सांगायचे, "आमी जीप उंच करायलोय." आमी! जशी काही ते ओंडके मीच डोक्यावर धरून उभी होते. साठीला आले तरी माझ्यातली ती काळ्या चष्म्याची नवरी काही गेली नव्हती.

जुने पाटे झिजलेले निघाले म्हणून देवगाव फाट्यावर ट्रकवाल्यांच्या गॅरेजातून भाऊजींनी मजबूत पाटे निवडून आणले. धुऱ्यावर पाटे टेकवायला नव्या बैठका जोडाव्या लागल्या, त्यासाठी वेल्डिंगवाला अंगणात आला. मग कळलं की गाडी वर गेली पण ब्रेकचा पाईप तोकडा पडला. पाईप लांब केला तर शॉकअप पुरेनात. तेही झालं आणि गाडी रस्त्यावर काढली, तर स्टिअरिंग ताक घुसळल्यासारखं थरथरायला लागलं. आमचे हे दुकानातून म्हणाले, "आता बस कर की रे, जाऊन येऊ सावकाश." भाऊजींनी परत चाकं काढली. "मायला बसवायचंय दादा. तसल्लीनंच करावं लागंल."

तोवर पाऊस लागला होता. अंगणावर ताडपत्री, ताडपत्रीखाली जीप, जीपखाली पाय. आत्याबाई ओट्यावर बसून त्या पायांकडे बघत वाती वळायच्या. मधूनच म्हणायच्या, "शिवा, जेव रे." अंगठा हलायचा, आणि पाय तिथंच राहायचे.

श्रावण लागला आणि जीप झाली. काय दिसत होती म्हणून सांगू. म्हातारपणी एखाद्याला मिसरूड फुटावं तशी ऐटीत उभी. भाऊजी आदल्या दिवशी एकटेच शेतापर्यंत जाऊन आले, चाकोरीतून, वरंब्यावरून, ओढ्यातून. येऊन आंघोळ केली, कपाळाला विभूती लावली आणि पांढरा सदरा घातला. त्या माणसाला पांढऱ्या सदऱ्यात मी क्वचितच पाहिलं असेल. सोमवारी सकाळी आत्याबाई इरकली लुगडं नेसून, बेलाची टोपली घेऊन काठीनं बाहेर आल्या. जीपच्या दाराशी थांबल्या. पाय उचलून पाहिला. गुडघा अर्ध्यावर अडला. पुन्हा उचलला, पुन्हा अडला. मग मान वर करून गाडीकडे बघितलं आणि हसल्या.

"शिवा, गाडी उंच केलीस बाबा. माय ठेंगणीच राहिली की."

आमच्यापैकी कुणाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. गाडीचं पोट किती वर पाहिजे ते भाऊजींनी वाटेवर जाऊन मापलं होतं, आईचा पाय किती वर जातो ते घरात मापायचं राहून गेलं. ते म्हणाले, उचलून बसवतो. आत्याबाईंनी काठी आडवी धरली. "उचलून न्यायचे दिवस येतील तवा न्या. आज माझ्या पायानं चढंन." मी आतून स्टूल आणलं. आत्याबाईंनी एक पाय ठेवला, स्टूल जरासं डुगडुगलं. भाऊजींनी लगेच त्यांना खाली घेतलं. "न्हाई माय, पडशील. गाडीलाच पायरी करतो. पुढच्या सोमवारी जाऊ. तसल्लीनं." आत्याबाईंनी बेलाची टोपली माझ्या हातात दिली, आत जाऊन लुगडं बदललं.

आता पायरी करायची तर तीही त्यांच्या पद्धतीनं. आत्याबाईंना ओट्यावर बसवून त्यांचा पाय विनासायास किती वर जातो ते दोरीनं मापलं. लोखंडाची पट्टी, वर पाय घसरू नये म्हणून खवल्यांचा पत्रा, चढून झालं की दुमडून वर जाईल अशी बिजागरी. सगळं झाल्यावर तांबडा रंग दिला. पावसानं रंग वाळेना म्हणून पायरी स्वयंपाकघरात चुलीशेजारी आणून ठेवली. मी भाकरी थापत होते आणि ती माझ्या शेजारी पाहुणीसारखी उभी होती.

रंग वाळायच्या आत आत्याबाई गेल्या. आजार नाही, काही नाही. पहाटे पूजा करून भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच.

पाऊस लागून राहिलेला. शेताची वाट कुणालाच जाऊ देईना. ट्रॅक्टरसुद्धा ओढ्याशी रुतून बसला होता. म्हणून मग जीप काढली. आमच्यात शेवटचं नेणंही बसवूनच असतं. आत्याबाईंना चौघांनी अलगद उचललं आणि मागच्या बाकावर बसवलं, कपाळभर विभूती, गळ्यात हार. पाठीला उशी लावली, धरायला दोघं बसले. भाऊजी चालवायला. आम्ही बायका चिखलातून मागे मागे. गाडी चाकोरीत उतरली, वरंबा तिच्या पोटाखालून सरकत गेला. ओढ्यात पाणी होतं, तेही ओलांडलं. आत्याबाईंचा पदरसुद्धा हलला नाही. मागच्या श्रावणात दिलेला शब्द भाऊजींनी पाळला होता, आईला बाच्या पुढ्यात नेऊन उतरवलं होतं. मी त्या माणसाकडे बघू शकले नाही.

पुढे कितीतरी दिवस ते जीपखाली गेले नाहीत. दिवसभर दुकानात दादाशेजारी बसायचे. चप्पल घातलेले, स्वच्छ पाय. मला ते बघवेनात. एक दिवस मी मुद्दाम म्हटलं, भाऊजी, गाडीखालून काहीतरी गळायलंय. ते हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, त्या दिवशीचं स्टूल मी धरलं असतं तरी झालं असतं. धरायला मी होतोच की."

स्टूल आणणारी मी होते, पण तेव्हा मलाही त्यांचंच बरोबर वाटलं होतं. पडल्या असत्या तर?

त्यानंतर त्यांच्या तोंडून 'तसल्लीनं' हा शब्द मी पुन्हा ऐकला नाही. पायरी त्यांनी जीपला लावली. श्रावण आला की गावातल्या ज्या ज्या म्हातारीला शेतातल्या समाधीवर जायचं असेल तिनं नुसता निरोप धाडायचा. भाऊजी ताटावरून उठून जायचे. सोमवार असो नसो. "आज म्हटली ना, मग आजच." आणि म्हातारी चढायला लागली की ते खाली उकिडवे बसायचे आणि पायरी खालून तळहातानं धरायचे. ती पायरी जाडजूड बोल्टनी आवळलेली, बैल उभा केला तरी हलली नसती. पण ते धरायचे. पोरं हसायची. धरणं काही सुटलं नाही.

गेल्या श्रावणात माझे गुडघेही कुरकुरायला लागले. मी पायरीवर पाय ठेवला तर भाऊजी आपले खाली बसलेले, हात पायरीला. मी म्हटलं, "भाऊजी, बोल्ट हायेत की. की आता माझ्यावर भरवसा न्हाई?"

"बोल्टवर हाय," ते म्हणाले. "चढा तुमी."

वर चढून मी पाहते तर काय, पुढच्या सीटवर पान्ह्यांचं पोतं नव्हतं. त्यांनी ते माझ्यासाठी मागे टाकलं होतं. आयुष्यभर जिथं बसायचं म्हणून नवरी होऊन आले, तिथं मी म्हातारी होऊन बसले, आणि नेमका चष्मा घरी.

ह्या हिवाळ्यात भाऊजी गेले. ज्वारी हुरड्यात आली होती, वाट खडखडीत वाळलेली. उंच गाडीची काही गरज नव्हती. पण दुसऱ्या कशातून नेणार त्यांना? अंगणात त्यांना बसवलं होतं. मांडी घालून, ताठ, अंगावर पांढरं वस्त्र, तोंड स्पष्ट दिसणारं. जन्मभर आडवा पाहिलेला माणूस जाताना असा बसून आमच्याकडे बघत होता. सगळे नमस्कार करत होते. मी वयानं मोठी, नात्यानं मोठी, पण मीही वाकले. पाय शोधले. ते मांडीत दुमडून वस्त्राखाली गेले होते. पहिल्या दिवशी चुकून सापडले, ते आता शोधूनही हाताला लागेनात.

मग त्यांना जीपमध्ये बसवलं. मला शेतापर्यंत पायी चालवत नाही म्हणून मुलानं मलाही पुढे बसायला सांगितलं. मी दाराशी गेले, पायरीवर पाय ठेवला आणि तशीच थांबले. मुलगा म्हणाला, "आई, चढ की. पायरी पक्की हाय."

पक्की होतीच. मी खाली बघत होते.