सगळ्या रकान्यांतून

पलसाण्याच्या, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या ऑफिसात माझे एक सहकारी शेजारच्या टेबलावर बसतात. माऊस धरण्याआधी तळवे रुमालाला पुसतात आणि साहेबांनी काहीही सांगितलं तरी शांतपणे गुजरातीत "थई जशे", होऊन जाईल, म्हणतात.

नव्या ओळखपत्रांसाठी कामगारांची यादी साफ करायची होती. नावापुढे, हुद्द्यात, अगदी पत्त्यातसुद्धा 'टेम्पररी' टाईप झालेलं. कुठे कॅपिटलमध्ये, कुठे स्मॉलमध्ये. साहेब म्हणाले होते, फक्त नाव आणि पत्त्यातून काढा. यांनी मात्र सगळे रकाने निवडले, कॉम्प्युटरला कॅपिटल-स्मॉल एकच धरायला लावलं आणि तो शब्द शोधून पुसण्याचं बटण दाबलं.

"अहो, हुद्द्यातूनही गेलं!" मी म्हणाले.

"जाऊ द्या ताई. बारा-बारा वर्षं रंगात हात घातलेली माणसं, कसली टेम्पररी? कोणी विचारलंच, तर माझी चूक झाली म्हणेन."

कार्डं छापून आली. रंगखात्यातला एकजण आपलं कार्ड पुन्हा पुन्हा वाचत दारातच उभा राहिला.

संध्याकाळी निघताना यांच्या गळ्यातलं कार्ड माझ्या नजरेस पडलं. त्यावर हुद्दा होता, 'क्लार्क, टेम्पररी'. यादीतल्या स्वतःच्या तेवढ्या एका ओळीत त्यांनी तो शब्द हातानं परत टाईप केला होता.