सातव्या तुळईतली रुई

दारव्ह्यात कापसाची आवक आटली तशी बाजाराजवळची जुनी जिनिंग, कापसातून सरकी काढायची गिरणी, बंद पडली. पुढे तो सगळा भाग नव्यानं बांधायचं ठरलं आणि तिथल्या दुमजली कार्यालयाचा आराखडा माझ्याकडे आला. मी इमारत लाकडी तुळयांवर उभी करायचं ठरवलं. जिनिंगच्या शेडमधल्या सागवानी तुळया शाबूत दिसत होत्या. त्याच वापरल्या तर सिमेंट, लोखंड कमी लागणार होतं आणि खोल्याही कमी तापणार होत्या.

तुळया बावीस. प्रत्येकीला नंबर दिला, यादी केली: लांबी, भेगा, वाळवी, हातोडीच्या ठोक्याचा आवाज. आतून भरीव आहे का ते कळायला ठोका तीन जागी, दोन टोकांना आणि मध्ये. सुतारकामाचे मिस्त्री साठीचे होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांना हातोडीनं वीत-वीत वाजवत जायचं होतं. एका तुळईला अर्धा तास. मी म्हटलं, तीन ठोके पुरे.

"बाई, तुमची वही कान लावून ऐकते काय?" ते हसले, पण माझं ऐकलं.

नव्या इमारतीवर सातवी तुळई चढली. चाचा तिच्यावर दोन्हीकडे पाय टाकून बोल्टसाठी भोक पाडत होते. खाली चौघं जण आठवी उचलायच्या तयारीत. ड्रिल एकदम आत गेलं. भुसा आलाच नाही, पांढरी रुई आली.

"बाई," ते वरून हळूच म्हणाले, "हे लाकूड नाही. आतून रुई निघून राह्यली."

जिनिंगमध्ये हाताशी रुईच असायची. वाळवीनं पोखरलेल्या जागी कुणीतरी ती ठासून वर ऑइलपेंट मारला होता. मी ओरडले असते तर चाचा दचकले असते. खालच्या चौघांना मी हातानंच मागे सारलं.

"चाचा, ड्रिल तिथंच राहू द्या. टोकाकडे सरका."

ते पोटावर आडवे झाले आणि सरकू लागले. तुळई करकरली, थांबली, पुन्हा करकरली. अखेर त्यांचा पाय शिडीला लागला.

खाली आल्यावर त्यांनी पाणी मागितलं, मग वर पाहिलं. "अजून सहा हायेत डोक्यावर."

वहीत त्या साही तुळयांपुढे मी केलेल्या 'बरोबर'च्या खुणा होत्या. सगळ्या तुळयांना टेकू लावून झाल्यावर चाचांनी हातोडी घेतली. मी शिडी धरली. पाच खणखणीत वाजल्या. सहावीवर, मध्यापासून दोन विती पुढे, आवाज बदलला.

तिच्याच खाली आम्ही रोज दुपारी डबे उघडून बसत होतो.