पाळणा टांगून निघाले

निघण्याआधी माजघरात पाळणा टांगला आणि त्याला नवा दोर लावला. येताना माझी आठ महिन्यांची नात रेवा सोबत येणार होती. मुलगा नितीन आणि सून पल्लवी, दोघंही जर्मनीत नोकरीला. पल्लवीची रजा संपत आली होती आणि किता (पाळणाघर) मिळत नव्हतं. म्हणून दोन वर्षं रेवानं कोकणात माझ्याजवळ राहायचं ठरलं. मला ते हवंच होतं. घरात मी एकटी.

विमानात पाणी मागायची लाज वाटली. तशीच कोरड्या घशानं फ्रँकफर्टला उतरले. नितीन न्यायला आला होता. तिथून आगगाडीनं रेगेन्सबर्ग. या गावातून डोनाऊ नदी वाहते. पाणी भरपूर, पण त्याला भरती नाही, ओहोटी नाही, खारा वास नाही. खाडीकाठी वाढलेल्या मला ते परकंच वाटलं.

नितीनच्या इमारतीत तळमजल्यावर चिनी खानावळ आहे. ती चालवणारी मेई पल्लवीची मैत्रीण. एका सोमवारी खानावळ बंद होती, तेव्हा तिनं आम्हा सासूसुनेला जेवायला बोलावलं. तिच्या सासूबाई, लिन आजी, चीनमधल्या गावाहून आल्या होत्या. आजींनी अंड्यात घालून काहीतरी तळलं. पहिल्याच घासाला मी म्हणाले, "अगं, ही तर आपल्या खाडीतली कालवं!"

पल्लवीनं ते मेईला जर्मनमध्ये सांगितलं, मेईनं आजींना चिनीत. आजी खूश झाल्या. त्यांनी टेबलावर वाट्या पालथ्या घातल्या, ते डोंगर. पुढे ओलं फडकं पसरलं, तो समुद्र. मधे बोटभर जागा राहिली, तेवढीच शेती. हा त्यांचा फुजिआन प्रांत. डोंगरावर चहा, उथळ पाण्यात दोरांवर वाढवलेली कालवं, शहरांत बुटांचे कारखाने. तरीही त्यांच्या गावातले तरुण परदेशी जातात आणि पैसे पाठवून चार मजली घरं बांधतात.

"चौथ्या मजल्यावर कोण राहतं, विचार गं," मी पल्लवीला म्हटलं.

"लसूण," आजी म्हणाल्या. "तिसऱ्यावर रताळी."

आम्ही सगळ्या हसलो.

"आणि खाली?"

"म्हातारी आणि पोरं. पोरांचे आईबाप इकडे."

मेईची सहा वर्षांची मुलगी आजींना चिकटून बसली होती. तान्ही असताना मेईनं तिला गावी पाठवलं होतं. आता शाळेसाठी आजी तिला घेऊन आल्या होत्या. मेईनं तिच्यापुढे वाटी धरली. मुलीनं आजींकडे पाहिलं. आजींनी मान हलवली, तेव्हाच तिनं ती घेतली. आजी आत गेल्या, तर जेवण टाकून ती दाराशी जाऊन उभी राहिली.

"आजी पुढच्या आठवड्यात जाणार," मेई हळूच म्हणाली. "हिला अजून सांगितलं नाही."

हे मला मराठीत सांगता सांगता पल्लवीनं रेवाला मांडीवर घट्ट ओढून घेतलं.

वर आलो तेव्हा नितीन घरी आला होता. मोठ्यानं बोलायची मला सवय नाही, पण बोलले. "रेवाला मी नेत नाही."

"अहो आई, तिकीट काढलंय," पल्लवी म्हणाली. "तिची बॅगही भरली."

"मग इकडे कोण बघणार तिला?" नितीन म्हणाला.

"तू बघ. बाप आहेस ना?"

पल्लवीनं बॅग उघडली आणि एकेक झबलं परत कपाटात ठेवू लागली. तिची पाठ आमच्याकडे होती.

"आल्झो..." नितीन म्हणाला. आता काय, तर बघू, असं म्हणायचं असलं की हे लोक असं म्हणतात. "उद्या ऑफिसात माझ्या रजेचं विचारतो."

परतताना मांडी रिकामी होती. विमानात पाणी मात्र मागून घेतलं.

पाळणा अजून सोडलेला नाही. सध्या त्यात आमसुलं ठेवते. ठेवताना लिन आजींचा चौथा मजला आठवतो.

नितीनला रजा मिळाली. फोनवर रेवा मला पाहते आणि लगेच पल्लवीच्या मानेत तोंड लपवते.

"अहो आई, लाजते हो ती."

"लाजू दे," मी म्हणते. "माझ्यावर गेलीय."